आवाज तुटतोय तुमचा

१२ ऑगस्ट

ताई,

माझं सगळं ज्या क्षणी बदललं त्या क्षणावर मी बोट ठेवून दाखवू शकतो. व्हायोलिनचा पहिला तास. लॅपटॉपच्या पडद्यावर ती, मागे पांढरी भिंत. तिने गज तारेवर ठेवला आणि एक लांब सूर लावला. सूर चढला, भरला, आणि गज अजून अर्धा शिल्लक असताना विरत गेला. गज फिरतोय, मनगट फिरतंय, पण तारेला जेमतेम शिवत असावा, कारण आवाज नाही. एखादी मुलगी काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि 'जाऊ दे' म्हणून मान फिरवते, तसं काहीतरी. बाकीचे व्हायोलिनवाले सूर गजाच्या शेवटच्या केसापर्यंत ओढतात, टूथपेस्ट संपत आल्यासारखे पिळून काढतात. हिने अर्ध्यातच सोडून दिला. मी तिथल्या तिथे ठरवलं, कॉलेजात परत जायचं नाही.

फोनवर हे सांगितलं असतं तर तिसऱ्या वाक्याला आपली जुंपली असती आणि मी नेहमीसारखा फोन आपटला असता. तूच म्हणालीस, पत्र लिही, पत्र आपटता येत नाही. म्हणून लिहितोय.

बाबांना मागच्या आठवड्यात सांगितलं. ते गाडीतच होते, शिकाऊ मुलगा नुकताच उतरून गेला होता. मी बाजूला बसलो आणि म्हटलं, "मी तिसरं वर्ष करणार नाही." त्यांनी उजवा पाय दाबला. गाडी बंद होती तरी दाबला. तुला माहीत आहे ना, ड्रायव्हिंग शिकवताना त्यांच्या बाजूला तो दुसरा ब्रेक असतो, तो आता त्यांच्या पायालाच चिकटलाय. घरातही असतो. मी कुठे जरा वेग घेतला की यांचा पाय खाली.

"मग काय करणार?"

"व्हायोलिन."

"शाळेत वाजवायचास तेव्हा शेजारी तक्रार घेऊन यायचे."

"ते शेजारी आता मेले," मी म्हटलं. हे मी बोलायला नको होतं. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. आई आमच्या दोघांतलं टपालखातं झालीय. "बाबा विचारतायत दिवा का चालू आहे." "त्यांना सांग, नोटेशन दिसत नाही म्हणून." एकाच खोलीत.

सकाळी मी कुरियरच्या गोदामात पार्सलं लावतो. दुपारी वाजवतो. तास आठवड्यातून दोनदा. शिकवणी तू लावून दिलीस, तुझे उपकार फिटणार नाहीत. तुझ्याच गावात ती राहते, तुझ्या घरापासून पंधरावीस मिनिटांवर असेल, आणि तुला त्याचं काही वाटत नाही, हे मला झेपत नाही.

तुझा
भडकू


२५ ऑगस्ट

भडकू,

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, म्हणून दुसऱ्या वाचनानंतर लिहायला बसले. समोर टेबलावर कुणाच्या तरी कवळीचा खालचा जबडा आहे, मेणात बसवलेले सगळे दात माझ्याकडे बघून दात काढतायत. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं नाही एवढंच.

एका अर्धवट सुरासाठी तू शिक्षण अर्धवट सोडलंस. जोडी जमली खरी.

बाबांचा मला रोज फोन असतो. त्यांच्या मते हे सगळं माझ्यामुळे झालं. ती बाई आपल्याला कशी माहीत, तर तिच्या वडिलांची कवळी मी केली. कवळी घ्यायला ती आली होती, बोलता बोलता म्हणाली ऑनलाइन शिकवते. तू तेव्हा सुट्टीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचास, आई रडायची. मला वाटलं, पलंगाखालची व्हायोलिन बाहेर निघेल, पोराचा वेळ जाईल. वेळ जावा म्हणून लावली होती रे शिकवणी, वर्ष जावं म्हणून नाही.

आता मला सांग, तिने तुझ्याकडे बघितलंय कधी? पडद्यावर समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं तर कॅमेऱ्याच्या ठिपक्यात बघावं लागतं, आणि ठिपक्यात बघितलं की समोरचा दिसत नाही. म्हणजे ती तुझ्या डोळ्यांत बघत असेल तर तू तिला दिसत नाहीस, आणि तू दिसत असशील तर ती दुसरीकडे बघतेय. तुझे भावोजी म्हणतात, लग्नानंतर असंच असतं, त्याला कॅमेरा लागत नाही.

थट्टा बाजूला. मी तुमच्या कॉलेजात फोन केला होता. जानेवारीअखेरपर्यंत परत घेतात, वर्ष बुडत नाही. बाबांना हे मी सांगितलंय. त्यांचा जीव जरा खाली पडला. तेवढं लक्षात ठेव. वाजव, पण दार बंद करून टाकू नकोस.

रागावलास तर लिहूनच रागाव.

ताई


४ नोव्हेंबर

ताई,

उत्तराला उशीर केला कारण पहिली तीन उत्तरं फाडली. कॉलेजात तू मला न विचारता फोन करतेस. मी काय हरवलेलं पार्सल आहे, चौकशी करायला?

ती माझ्याकडे बघत नाही हे खरं आहे. तुला आनंद झाला असेल. पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं, "कॅमेरा खाली घ्या, मला तुमचा उजवा हात हवाय, कोपरापासून गजाच्या टोकापर्यंत." तेव्हापासून मी तिला एक हात आहे. पण हाताकडे असं कुणी बघतं का? परवा म्हणाली, "आज तुमचं मनगट उदास आहे." आदल्या दिवशी माझं आईशी भांडण झालं होतं. सख्ख्या बहिणीला जे पत्रातून कळत नाही ते हिला मनगटावरून कळतं.

तुला तासाबद्दल सांगतो, म्हणजे तोंड वेडंवाकडं करायच्या आधी नीट समजून घेशील. दोघांनी एकदम वाजवलं तर जमत नाही. तिचा सूर माझ्याकडे पोचेपर्यंत उशीर, माझा तिच्याकडे पोचेपर्यंत आणखी उशीर, नुसता गोंधळ. म्हणून ती मला माझा माईक बंद करायला सांगते. ती वाजवते, मी तिच्या बरोबर वाजवतो. मला दोन्ही ऐकू येतं, तिला फक्त तिचं. सगळ्या शिकवण्या अशाच चालतात म्हणे. मी तिच्याबरोबर इतकं वाजवलंय, आणि तिने ते कधीच ऐकलेलं नाही. तुला हे काही वाटणार नाही. मला रडू येतं.

मग माईक चालू करून मी एकटा वाजवून दाखवतो. तिचं ते लांब सूर विरून सोडणं मी आता जसंच्या तसं उचललंय. सोपं नाही ते. गज चालू ठेवायचा पण तारेवरचा भार असा काढून घ्यायचा की हात बघणाऱ्याला कळू नये. आईने दाराला घोंगडी लावून दिलीय, तिच्याआड मी हे एवढंच घोटत असतो. पहिल्यांदा तिला ते वाजवून दाखवलं तेव्हा ती पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "आवाज तुटतोय तुमचा. पण कळतंय मला."

ताई, 'कळतंय मला'. असं कोण कुणाला म्हणतं?

आणि मागच्या आठवड्यात, "लांब सुरांचं आपण भेटू तेव्हा बघू, ते असे दुरून व्हायचे नाहीत." भेटू तेव्हा. मी विचारलंही नव्हतं.

आता खरी गोष्ट. तुझ्या गावच्या वाद्यवृंदाचा तरुणांसाठी वर्ग आहे, दोन वर्षांचा. ती तिथे शिकवते. निवड जानेवारीत, समोर बसवून ऐकतात. तिने स्वतः सांगितलं, अर्ज करा. निवड झाली तर रोज त्याच इमारतीत, त्याच जिन्यावर. नाही झाली तर मी गोदामातला पार्सलवाला, बाबा खरे, आणि तू तर आधीपासूनच खरी.

दुसऱ्या कुणाची व्हायोलिन ऐकायची नाही असं मी ठरवलंय. रेकॉर्डिंग, रेडिओ, काही नाही. कान खराब होतात.

मी वाजवलेलं फोनवर रेकॉर्ड करून तुला पाठवलंय. ऐक. मग बोल.

भडकू


२१ नोव्हेंबर

भडकू,

रेकॉर्डिंग ऐकलं. जेवताना लावलं होतं. भावोजी म्हणाले, "चांगलं वाजवतो पोरगा, पण याची बॅटरी का संपते सारखी?" त्यांचं मनावर घेऊ नकोस, त्यांना संगीतातलं काय कळतं. मलाही कळत नाही. बोटं किती सफाईने पळायला लागलीत तुझी, ऐकून मला कसंतरीच झालं. शाळेत तू मांजराची शेपटी धरल्यासारखं वाजवायचास.

तुझ्या बाईंना भेटून आले. तिच्या वडिलांची कवळी हिरडीला घासत होती, ती घासून द्यायला गेले होते, म्हणजे निमित्त मिळालं. तू जी पांढरी भिंत बघतोस ती भिंत नाही, कपाटावर ताणलेली चादर आहे. बाकी खोलीभर इस्त्रीला आलेले कपडे असावेत तसे ढीग. ती तुझ्यापुढे अगदी एवढीशी आहे, पायांत लोकरीचे मोजे, तोंडात सतत खोकल्याची गोळी. एकामागून एक मुलं पडद्यावर येतात. एकाला सोडते, पाणी पिते, दुसऱ्याला घेते. मी बसले होते तेवढ्यात एक आजोबाही शिकून गेले. तू म्हणतोस तशी हवेत तरंगणारी वगैरे मला दिसली नाही. थकलेली दिसली. स्वभावाने सरळ आहे. तुझ्याबद्दल म्हणाली, "मेहनती आहे, हात चांगला आहे."

वाजवते छान.

आणखी थोडं बोलणं झालं, पण ते पत्रात नको. आलास की सांगेन.

निवडीला ये. आमच्याकडेच उतर. बाबांना मी समजावलंय, ते अडवणार नाहीत. फक्त एक शब्द दे. निवड झाली नाही तर जानेवारी संपायच्या आत कॉलेजात जाशील. हा शब्द मला बाबांसाठी हवाय, माझ्यासाठी नाही. तू कॉलेजात परत जाशील या आशेवर त्यांनी तुझी खोली रंगवायला काढली होती, आईने थांबवलं. म्हातारे होतायत रे. परवा शिकाऊ मुलीने गाडी खांबाला लावली आणि यांचा पाय वेळेत पोचला नाही. मला फोन करून सांगताना आवाज कापत होता त्यांचा.

ताई


२ जानेवारी

ताई,

शब्द दिला. घे. तुला काय वाटतं, मी घाबरतो?

दिला कारण मी नापास होणारच नाही. काल तिच्याबरोबर शेवटचा तास झाला. निवडीसाठी दोन तुकडे वाजवायचे. पहिला पळता, त्याची मला चिंता नाही. दुसरा संथ, नुसते लांब सूर, एकावर एक. पहिल्यावर तिने भरपूर सुचवलं. दुसरा मी वाजवायला लागलो, निम्म्यात म्हणाली, "राहू दे, इथून कळत नाही, तिथेच ऐकेन." आणि हसली. कॅमेऱ्याकडे बघून हसली, माझ्या हाताकडे नाही. तुझा ठिपक्याचा सिद्धांत कवळीत घालून ठेव.

मोजे आणि खोकल्याची गोळी हे तू मुद्दाम लिहिलंस ते कळलं मला. तुला वाटलं माझं मन उतरेल. उलट झालं. आता ती बोलताना मधेच थांबते तेव्हा मला कळतं, गोळी गालात सरकवतेय.

जे पत्रात नको होतं ते काय आहे? तिने माझ्याबद्दल काही विचारलं का? सांगायचं तर सांग, नाहीतर असं अर्धवट लिहू नकोस. अर्धवट सोडायचा अधिकार या जगात एकीलाच आहे.

सोळाला संध्याकाळी पोचतो. स्टँडवर येऊ नकोस. मी काही लहान नाही.

भडकू

ता.क. बाबांनी आईमार्फत एक नवा कोट पाठवलाय. बाह्या लांब आहेत, मनगट झाकतं. घालणार नाही, पण घेऊन येतोय.


१७ जानेवारी, सकाळ

भडकू,

तू झोपलायस, उठवत नाही. मला लवकर जायचंय, आज तीन कवळ्या द्यायच्यात. काल एवढं बोललो पण तुझ्या कामाचं काहीच बोललो नाही, तू बोलू दिलं नाहीस आणि मलाही धीर झाला नाही. संध्याकाळी निवांत बोलू.

अंडी उकडून ठेवलीत. खा, उपाशीपोटी जाऊ नकोस. दुसरी किल्ली टेबलावर आहे. भावोजी दौऱ्यावर, घरात कोणी नाही, पाहिजे तेवढं वाजव. शेजारी ऑफिसला जातात.

काहीही झालं तरी घर आहे हे लक्षात ठेव.

ताई


१७ जानेवारी, दुपार

ताई,

तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तुझ्याच चिठ्ठीच्या मागे लिहायला सुरुवात केली होती, जागा पुरली नाही म्हणून तुझ्या वहीतली पानं फाडलीत. तू यायच्या आत संपवायचंय. फोनवर सांगता आलं असतं. पण आपटायला आज माझ्याकडे काही उरलेलं नाही.

तिसरा मजला, लांब खोली, खुर्च्या भिंतीला रचून ठेवलेल्या. टेबलामागे दोन परीक्षक, एक जाड चष्म्याचे म्हातारे, एक बाई. शिकवणारे मागच्या खिडकीपाशी बसतात, तशी पद्धत आहे. ती तिथे होती. मी दारातून आत आलो तर माझ्याकडे बघून 'कोण हे' असा चेहरा. मग मी व्हायोलिन काढली, गज हातात धरला, तेव्हा तिचा चेहरा उजळला. "अच्छा, तुम्ही का!" मनगट ओळखलं तिने. मी मनात म्हटलं, चालेल.

पळता तुकडा झाला. म्हाताऱ्याने मान हलवली, बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. चांगलं गेलं होतं ताई, हे तुला कुणीही सांगेल.

मग संथ तुकडा घेतला. पहिला लांब सूर लावला, भरला, आणि अर्ध्यावर सोडून दिला, तिच्यासारखा. दुसरा तसाच. तिसऱ्याला म्हाताऱ्याने हात वर केला.

"थांबा. हात दुखतोय का तुमचा?"

"नाही."

"मग सूर सोडून का देताय? पुन्हा घ्या. पूर्ण धरा."

मी पुन्हा घेतला. हात ऐकेना. इतके महिने घोटलंय, गज अर्ध्यावर आला की भार आपोआप निघतो. पुन्हा तसंच झालं. बाई म्हणाल्या, "घाबरू नका, पाणी हवंय का?" जसं काही मी बालवाडीत आहे. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ही पद्धत आहे. तुम्हाला माहीत नसेल." आणि खिडकीकडे गज दाखवून म्हटलं, "ही त्यांची पद्धत आहे."

सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझी?"

एवढंच. त्यात राग नव्हता. खरोखरच विचारत होती.

म्हाताऱ्याने तिला सांगितलं, तुम्हीच दाखवा जरा. ती उठली, स्वतःची व्हायोलिन घेतली, माझ्यापासून दोन हातांवर उभी राहिली. तोच तुकडा, तोच पहिला सूर. तो संपेचना. गज टोकापर्यंत गेला आणि सूर त्याच्याबरोबर गेला, जाड, सरळ, काठीसारखा, शेवटच्या केसापर्यंत. दुसरा तसाच. तिसरा तसाच. पिळून काढत होती ताई. बाकीच्यांसारखीच.

आणि मला ते आवडलं नाही. चूक नव्हती त्यात काही. स्वच्छ होतं, पक्कं होतं, शिकवणाऱ्याने वाजवावं तसं होतं. मी ज्याच्यासाठी कॉलेज सोडलं, बाबांशी बोलणं सोडलं, ते तिच्या हातात कुठेच नव्हतं. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला ती आठवत होती.

बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा ती आली. माझ्याजवळ बसली, खोकल्याची गोळी पुढे केली. म्हणाली, "हे आपल्या व्हिडिओ कॉलच्या ॲपमुळे झालंय हो. ते बोलण्यासाठी केलेलं असतं. माणसाचं बोलणं ठेवतं आणि मागचा एकसारखा आवाज गाळून टाकतं, पंख्याचा, मिक्सरचा. लांब सूर लावला की त्याला वाटतं पंखाच आहे, हळूहळू बंद करून टाकतं. तुमचेही सूर माझ्याकडे तसेच तुटून यायचे. मला वाटायचं तुम्ही धरताय पूर्ण, लाइन तोडतेय. म्हणून तर म्हणायचे, आवाज तुटतोय पण कळतंय मला."

म्हणजे 'कळतंय मला'चा अर्थ हा. नीट ऐकू येत नाहीय, पण असेल बरोबर.

म्हणजे मी ज्याच्यावर जीव लावला ते तिने वाजवलंच नव्हतं. गाळणीने ठरवलं होतं, एवढं पुरे. मी गाळणीकडून शिकलो, ताई. वर गाळणीसारखंच बिनचूक शिकलो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी रडलो असतो, तुझी वाट बघत इथेच बसलो असतो, आणि संध्याकाळी तू अंडी का खाल्ली नाहीस म्हणून ओरडली असतीस. पण ती पुढे म्हणाली, "मला वाटलं तुम्ही ती सेटिंग बंद केली असेल. तुमच्या ताईंना मी सांगितलं होतं ना नोव्हेंबरात. त्यांनीच विचारलं, माझा भाऊ सूर मधेच का सोडतो, रेकॉर्डिंग ऐकवलं मला फोनवरचं. मी तेव्हाच म्हटलं, अरे बापरे, हा खरंच सोडतोय, म्हणजे हे त्याने ॲपवर ऐकून उचललंय, त्याला सांगायला हवं. त्या म्हणाल्या, मी सांगते, तुम्ही नका सांगू, तो चिडका आहे, मनाला लावून घेईल. मग एवढ्या मुलांमध्ये माझ्या डोक्यातून गेलं. नंतर तुमचे सूर तुटायचेच, मला वाटलं आता लाइनच असेल." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "त्यांनी सांगितलं नाही?"

पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं तिने.

मी म्हटलं, सांगितलं होतं, मीच विसरलो. का म्हटलं देव जाणे. तुझी लाज मला वाटली म्हणून.

नोव्हेंबरात सांगितलं असतंस तर दोन महिने होते. हात मोडून परत बसवला असता मी, दिवसरात्र घोटलं असतं. तिने सांगू नये म्हणून तू तिचं तोंडही बंद केलंस. आणि त्याच पत्रात खाली माझ्याकडून शब्द मागितलास. निवड झाली नाही तर जानेवारी संपायच्या आत. होणार नाही हे तुला माहीत होतं तेव्हा. दात बनवता बनवता दाखवायचे वेगळे आणि खायचे वेगळे, हे चांगलं जमलंय तुला.

इमारतीच्या पायऱ्या उतरत होतो तोच फोन वाजला. बाबा. ऑगस्टपासून पहिल्यांदा. आवाज इतका मऊ की मला आधी वाटलं कुणी आजारी आहे. म्हणाले, "होतं रे असं. मनाला लावून घेऊ नकोस. सोमवारी आपण दोघं जाऊ कॉलेजात, मी गाडी काढतो."

मी अजून कुणाला काहीही सांगितलं नव्हतं ताई. निकालही लागला नव्हता. आतून फक्त "कळवू" म्हणाले होते.

मी पायरीवरच बसलो. ते म्हणाले, "ऐकतोयस ना?" मी म्हटलं, "आवाज तुटतोय तुमचा." आणि ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. त्यांच्यावर मला रागही येत नाही. त्यांच्या बाजूला ब्रेक आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. तुझ्या बाजूलाही आहे हे आज कळलं, आणि तुझा पाय वेळेत पोचतो.

तू म्हणशील, तुझ्या भल्यासाठी केलं. केलंस. म्हणूनच तुला माफ करता येत नाही. वाईटासाठी केलं असतंस तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

शब्द दिलाय म्हणून सांगतो, तो मी पाळणार नाही. तू मला नापास करून घेतलंस, तो शब्द त्याच दिवशी बाद झाला. बाबांना काय सांगायचं ते तू बघ, सांगायचं नसेल ते तुला चांगलं लपवून ठेवता येतं. गोदामाची इथेही शाखा आहे, मघाशी फोन केला, सोमवारपासून या म्हणाले. राहायची सोय तिथल्याच एका पोराकडे. पत्ता देत नाही. शोधत येऊ नकोस, आणि तिच्याकडे तर मुळीच विचारायला जाऊ नकोस. शिकवणी सोडली म्हणून तिला कळवलंय. "ठीक आहे, सराव चालू ठेवा" असं आलं. पुढे अंगठा.

अंडी खाल्ली नाहीत. चहा घेतला, कप धुवून ठेवलाय. कोट खुर्चीवर आहे, बाबांना परत दे, किंवा भावोजींना बसला तर ठेव. त्यांना सांग, बॅटरीचं तुम्ही बरोबर ओळखलं होतं, घरात तेवढ्या एकानेच मला खरं ते सांगितलं.

मघाशी या खोलीत व्हायोलिन काढली होती. लांब सूर लावला. अर्ध्यावर गेला. पुन्हा लावला. अर्ध्यावर गेला. तुझ्या शेजाऱ्यांपैकी कुणीतरी आज सुट्टीवर असावं, भिंतीवर थापा मारल्या. मग ठेवून दिली.

किल्ली टेबलावर, याच कागदावर ठेवतोय. म्हणजे एकदा बाहेर पडलो की मला आत येता येणार नाही, हे कळूनच ठेवतोय. चप्पल घातली. व्हायोलिनची पेटी खांद्याला लावली. हे शेवटचं वाक्य उभ्याने लिहितोय, आता पेन ठेवतो आणि दार बाहेरून ओढून घेतो.